रुग्णालयांच्या बाजारात स्पर्धा कायदा कुठवर पोचतो? इतर देशांचा अनुभव आणि आपले जिल्हे

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीला न्यूमोनिया झाल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी रुग्णालयात नऊ दिवस ठेवावे लागले. उपचार चांगले झाले, ती बरी होऊन घरी आली आणि डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नमूद करतो. माझा प्रश्न औषधांच्या टोपलीविषयी आहे.

रोज सकाळी सिस्टर एक चिठ्ठी हातात देत. ती घेऊन तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्याच मेडिकलमध्ये जायचे, तिथला मुलगा खाटेचा नंबर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत सामान भरून देई आणि ती टोपली आपणच वर पोचवायची. चौथ्या दिवशी मी सलाइनचा आयव्ही सेट बसस्थानकासमोरच्या दुकानातून आणला. आतल्या दुकानात ज्या सेटचे १७५ रुपये लागले होते, तसाच दुसऱ्या कंपनीचा सेट बाहेर ६० रुपयांना मिळाला. वर गेल्यावर सिस्टरने तो परत माझ्या हातात ठेवला आणि "बाहेरचे सामान आम्ही लावत नाही, काही झाले तर जबाबदारी कोणाची?" असे विचारले. बहिणीच्या हाताला सुई लावलेली होती. तशा वेळी वाद घालण्याचे धैर्य मला झाले नाही. तो सेट अजून माझ्या कपाटात तसाच आहे.

आतल्या दुकानाने छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नव्हता. म्हणजे वैधमापनाच्या किंवा किंमत नियंत्रणाच्या नियमांत बसवायला गेले तर गुन्हा दिसत नाही. आणि तरीही ज्याला मी वर्गात तीस वर्षे बाजारपेठ म्हणत आलो, त्याचा त्या इमारतीत मागमूस नव्हता. विक्रेता एकच होता, ग्राहक उठून जाऊ शकत नव्हता आणि काय विकत घ्यायचे हे तिसराच माणूस ठरवत होता.

तेव्हापासून मी इतर देशांतील स्पर्धा कायद्याविषयी जमेल तसे वाचतो आहे. अमेरिकेत दोन रुग्णालये एकत्र येऊ लागली तर सरकार न्यायालयात जाते, युरोपात औषधाची किंमत भरमसाट वाढवल्याबद्दल कंपनीची चौकशी होते, असे वाचनात येते. आपल्याकडेही २००२ चा स्पर्धा अधिनियम आहे आणि त्याखाली स्पर्धा आयोग आहे. मग जळगाव, धुळे, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत त्याचे अस्तित्व जाणवत का नाही? आमच्या भागात एकेकट्या डॉक्टरांची लहान रुग्णालये मोठ्या व्यवस्थापनांकडे जाताना दिसतात, त्यावर कोणाची नजर असते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ, धुळे (वकिली)

सर, नमस्कार. आपल्या लेखनात दोन प्रश्न आहेत. एक रुग्णालयांच्या एकत्र येण्याचा आणि दुसरा खाटेवरच्या रुग्णाला आतल्या दुकानाशी बांधून ठेवण्याचा. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: रुग्ण प्रत्यक्षात कुठवर जाऊ शकतो, म्हणजेच त्याची बाजारपेठ केवढी धरायची. स्पर्धा कायद्यातले बहुतेक खटले याच एका मुद्द्यावर जिंकले किंवा हरले जातात, म्हणून मी त्यावरच जरा थांबतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी डब्यूक नावाचे शहर आहे. तिथल्या दोन रुग्णालयांनी एकत्र यायचे ठरवले तेव्हा केंद्र सरकार न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये हरले. गावातले रुग्ण भाव वाढले तर दूरच्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत जातील, म्हणून त्या रुग्णालयांनाही याच बाजारपेठेत धरले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. त्या दशकात सरकार असे अनेक खटले एकामागून एक हरले. युक्तिवाद वरवर पटण्याजोगा होता: काही टक्के रुग्ण बाहेरगावी जातातच, हे आकडेवारीत दिसत होते.

त्यातली चूक उघड व्हायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. शिकागोजवळ इव्हॅन्स्टन येथील रुग्णालय समूहाने २००० मध्ये शेजारचे हायलँड पार्क रुग्णालय घेतले होते. संघीय व्यापार आयोगाने विलीनीकरण होऊन गेल्यानंतर, २००४ मध्ये, त्याविरुद्ध कारवाई सुरू केली. आयोगाने विमा कंपन्यांना लावलेले प्रत्यक्ष दर तपासले, ते वाढले होते हे दाखवले आणि २००७ मध्ये विलीनीकरण बेकायदा ठरवले. मात्र इतक्या वर्षांनी दोन्ही रुग्णालये पुन्हा वेगळी करणे त्यालाही योग्य वाटले नाही. विमा कंपन्यांशी दोघांनी वेगवेगळी बोलणी करावीत, एवढाच आदेश निघाला. उशिराची कारवाई कशी अर्धवट राहते, याचे हे उदाहरण मी नेहमी देतो.

त्यानंतर २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील विलीनीकरणाचा खटला आला. खालच्या न्यायालयाने म्हटले की हर्शीच्या रुग्णालयातले ४३.५ टक्के रुग्ण प्रस्तावित बाजारपेठेच्या बाहेरून येतात, म्हणून सरकारने बाजारपेठ फार लहान आखली आहे. अपील न्यायालयाने हा निष्कर्ष खोडून काढला. जे प्रवास करू शकतात ते प्रवास करतात, एवढ्यावरून जे गावातच राहतात त्यांना संरक्षण मिळते असे होत नाही, हा त्यामागचा विचार आहे. दोन्ही रुग्णालयांनी विलीनीकरणाचा बेत सोडून दिला.

हा मुद्दा आपल्या भागाइतका दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत असेल असे मला वाटत नाही. नंदुरबारचा माणूस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गाडीत बसून सुरतेला जातो, रावेरचा माणूस बऱ्हाणपूर गाठतो. त्यांच्याकडे बघून कोणी म्हणेल की इथल्या रुग्णालयांना दोन राज्यांतल्या रुग्णालयांशी स्पर्धा करावी लागते. पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर रात्री साप चावलेल्या माणसासाठी, किंवा अडलेल्या बाळंतिणीसाठी, सुरत बाजारपेठेत नाही. तिची बाजारपेठ म्हणजे जीप जिथवर वेळेत पोचेल तेवढीच.

आता आपल्या कायद्याकडे येतो. बाजारपेठेची भौगोलिक हद्द ठरवताना वाहतुकीचा खर्च, ग्राहकांची पसंती वगैरे पाहावे, असे आपल्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये लिहिलेलेच आहे. पवईच्या हिरानंदानी रुग्णालयाच्या प्रकरणात आयोगाने रुग्णालयापासून १२ किलोमीटरपर्यंतची बाळंतपणाची सेवा अशी हद्द आखली होती. नाळेतल्या मूलपेशी साठवण्यासाठी रुग्णालयाने एकाच कंपनीशी करार करून दुसऱ्या कंपनीला आत येऊ दिले नाही, अशी ती तक्रार होती. २०१४ मध्ये आयोगाने सुमारे ३.८ कोटी रुपयांचा दंड केला आणि २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. म्हणजे आयोगाला लहान हद्द आखता येत नाही असे नाही. अपिलात टिकेल असा आदेश देणे अवघड जाते.

विलीनीकरणाच्या बाबतीत अडचण अधिक मूलभूत आहे. ज्या संस्थेचा ताबा घेतला जातो तिची भारतातील मालमत्ता ४५० कोटी रुपयांच्या आत असेल, किंवा उलाढाल १,२५० कोटींच्या आत असेल, तर व्यवहार आयोगाला कळवावाच लागत नाही. २०२४ पूर्वी या मर्यादा ३५० आणि १,००० कोटी होत्या. व्यवहाराचीच किंमत २,००० कोटींपेक्षा जास्त असेल तर ही सवलत मिळत नाही, एवढी दुरुस्ती २०२३ च्या कायद्याने झाली. आता जळगाव किंवा धुळ्यातली दोन-तीन रुग्णालये एका व्यवस्थापनाखाली आली, तर हे आकडे दूरदूरपर्यंत लागू होत नाहीत. आयएचएच या मलेशियन समूहाने फोर्टिस या मोठ्या रुग्णालय साखळीचा ताबा घेतला तेव्हा आयोगाने तो व्यवहार तपासला. तालुक्यातल्या व्यवहाराची फाईल दिल्लीला जाण्याची तरतूदच नाही. आपण विचारलेल्या नजरेविषयीचे उत्तर असे आहे की कायद्याने ती नजर त्या उंचीवर ठेवलेली आहे.

इतर देशांनी यातून वाटा काढल्या आहेत. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये आरोग्यविम्याची रचना बदलून स्पर्धेवर भर दिल्यानंतर, २००८ पासून अनेक वर्षे आरोग्यसेवेपुरत्या विलीनीकरणाच्या मर्यादा इतर उद्योगांपेक्षा मुद्दाम खाली ठेवल्या होत्या: एकत्रित उलाढाल ५.५ कोटी युरो आणि किमान दोन संस्थांची प्रत्येकी १ कोटी युरो. तरीही तिथल्या प्राधिकरणाने बहुतेक विलीनीकरणांना परवानगीच दिली आणि २०१५ मध्ये दक्षिण हॉलंडमधील दोन रुग्णालयांना प्रथमच नकार दिला, तोवर पुष्कळ रुग्णालये एकत्र होऊन गेली होती. जर्मनीने मात्र २००५ मध्येच बाड नॉयश्टाट भागातील जिल्हा रुग्णालये ऱ्होन समूहाला घेऊ दिली नाहीत आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मला दक्षिण आफ्रिकेचे वाटते. तिथे लहान विलीनीकरण कळवणे सक्तीचे नसले तरी, व्यवहार झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आयोग ते तपासणीसाठी मागवू शकतो. शिवाय तिथल्या संविधान न्यायालयाने २०२१ मध्ये मेडिक्लिनिक समूहाच्या प्रकरणात दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. पॉचेफस्ट्रूम या गावात मेडिक्लिनिकचे रुग्णालय होते आणि सुमारे ५० किलोमीटरवरच्या क्लर्क्सडॉर्पची दोन रुग्णालये त्या समूहाला घ्यायची होती. न्यायाधिकरणाने मनाई केली, अपील न्यायालयाने परवानगी दिली, संविधान न्यायालयाने पुन्हा मनाई कायम केली. ज्यांच्याकडे विमा नाही आणि जे खिशातून पैसे भरतात अशा रुग्णांवर काय परिणाम होईल, याला त्या प्रकरणात मोठे महत्त्व मिळाले. अमळनेर ते धुळे हे अंतर त्या दोन गावांमधल्या अंतरापेक्षा कमीच आहे.

गोमाई, शहादा (डॉक्टर)

वकीलसाहेबांनी बाजारपेठेच्या हद्दीविषयी लिहिले ते मनापासून पटले. माझे वीस खाटांचे रुग्णालय आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

आमच्यासारख्या डॉक्टरांच्या बैठकांत दरवर्षी एक सूचना येते की सर्वांनी मिळून तपासणी फी आणि शस्त्रक्रियांचे कमाल दर ठरवावेत, म्हणजे रुग्णांची लूट होते असे कोणी म्हणणार नाही. हेतू चांगला असतो, पण अमेरिकेत नेमके हेच १९८२ मध्ये बेकायदा ठरले. ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांच्या संस्थेने विमाधारकांसाठी कमाल फी ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की स्पर्धकांनी एकत्र बसून कमाल दर ठरवणे हेही दरनिश्चितीच आहे. कमाल म्हणून ठरलेला दर हळूहळू सर्वांचा दर होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आपल्या अधिनियमाचे कलम ३ देखील स्पर्धकांनी मिळून दर ठरवले की स्पर्धेला बाधा आली असेच गृहीत धरते. म्हणून मी सहकाऱ्यांना सांगतो की प्रत्येकाने आपापले दर स्वतंत्रपणे ठरवावेत आणि दर्शनी भागात लावावेत. २०२१ मध्ये सुधारलेले महाराष्ट्र शुश्रूषागृह नियमही दरपत्रक लावायला सांगतातच.

सरांच्या आयव्ही सेटविषयी प्रामाणिकपणे लिहितो. बाहेरून आलेल्या सामानाची भीती पूर्णपणे खोटी नसते. उन्हात पडलेले, पाकिटाला बारीक छिद्र असलेले सामान मी हातात धरलेले आहे. परंतु पावती असेल, बॅच नंबर आणि मुदत जुळत असेल, पाकीट सीलबंद असेल, तर नाकारण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही. जे उरते ते आर्थिक कारण असते. कित्येक ठिकाणी मेडिकलचा गाळा भाड्याने देताना मालक मोठे डिपॉझिट आणि विक्रीतला वाटा घेतो, आणि मेडिकल चालवणारा तो पैसा टोपलीतूनच वसूल करतो. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये खर्च भागत नाही, म्हणून इतर रुग्णांच्या औषधांतून तूट भरून काढणारेही आहेत. हे समर्थन नव्हे. दुखणे कुठून येते ते सांगतो आहे.

आणि एक शंका मांडतो. प्रत्येक ठिकाणी स्पर्धा हाच उपाय आहे का? ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने सरकारी रुग्णालयांच्या विलीनीकरणावर स्पर्धा कायदा लावला आणि २०१३ मध्ये बोर्नमथ व पूल या शेजारच्या दोन रुग्णालयांना एकत्र येऊ दिले नाही. तिथे रुग्ण पैसे देत नाहीत आणि दर बहुतांशी देशभर एकच असतात. अशा ठिकाणी स्पर्धेपेक्षा सहकार्याची गरज आहे, असे मत पुढे बळावत गेले. ती दोन रुग्णालये २०२० मध्ये एकत्र झाली आणि २०२२ च्या कायद्याने अशा विलीनीकरणांतली स्पर्धा प्राधिकरणाची भूमिकाच संपवली.

आमच्या तालुक्यात माझ्या दरांवर खरा अंकुश कोणाचा असेल तर तो उपजिल्हा रुग्णालयाचा. तिथे भूलतज्ज्ञ हजर असतो त्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या सिझेरियनच्या रुग्णांची संख्या कमी होते आणि जे येतात ते दर विचारून येतात. भूलतज्ज्ञाची बदली झाली की कोणी दर विचारत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते, आणि योजनेतला दर माहीत झाल्यावर रुग्णांचे नातेवाईक आमच्याशी वेगळ्या आत्मविश्वासाने बोलू लागले, हेही आठवते. दक्षिण आफ्रिकेत माजी सरन्यायाधीश सँडिल न्गकोबो यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने २०१९ मध्ये दाखवून दिले की तीन रुग्णालय समूहांकडे खाजगी क्षेत्रातील ८३ टक्के खाटा आणि ९० टक्के दाखल रुग्ण आहेत. तरी तिच्या शिफारशींत रुग्णालये मोडण्यापेक्षा सेवा पुरवणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र नियामक असावे, यावर भर होता. माझेही मत तिकडेच झुकते.

चोपडा_मेडिकल

मी छोटे दुकान चालवतो. सरांनी १७५ आणि ६० रुपयांचा जो फरक सांगितला, तो कसा तयार होतो ते सांगणे माझे काम आहे.

दोन्ही सेट दुकानदाराला जवळपास सारख्याच भावात मिळू शकतात. फरक असतो तो छापील किमतीत. रुग्णालयांना माल देणाऱ्या कंपन्यांत स्पर्धा जरूर आहे, पण ती उलट दिशेने चालते. जो जास्त किंमत छापून खरेदीचा दर खाली ठेवतो त्याचा माल घेतला जातो, कारण मधले अंतर रुग्णालयाच्या पदरात पडते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा नफ्याचे प्रमाण १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. त्याच वर्षी स्पर्धा आयोगानेही परवडणाऱ्या आरोग्यसेवेवरील आपल्या टिपणात औषधांच्या साखळीतील अवाजवी नफ्याकडे लक्ष वेधले. किंमत नियंत्रण आदेशाखाली, ज्या वस्तूंची कमाल किंमत ठरलेली नाही त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण पहिल्याच दिवशी जास्त छापली तर तो नियम काय करणार?

आमच्या व्यापारातही दोष होते, तेही सांगतो. मी पूर्वी एका कंपनीची एजन्सी घ्यायला गेलो तेव्हा आधी संघटनेचे ना-हरकत पत्र आणा असे सांगण्यात आले, आणि ते पत्र मला आठ महिने मिळाले नाही. एकट्या माणसाला यात दाद कोण देणार, असे तेव्हा वाटत असे. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये गोव्याच्या आणि २०१३ मध्ये अखिल भारतीय केमिस्ट संघटनेच्या प्रकरणात हीच ना-हरकत पत्राची सक्ती आणि नफ्याचे ठरीव प्रमाण बेकायदा ठरवले. अखिल भारतीय संघटनेला सुमारे ४७ लाख रुपयांचा दंड झाला. आयोगाचे काम आमच्या गल्लीपर्यंत पोचलेले मी पाहिले ते एवढेच, पण ते पोचले. तक्रारदार कटकचा एक व्यापारी होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

बोरीकाठ, अमळनेर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांनी डिपॉझिटविषयी ज्या मोकळेपणाने लिहिले, त्याबद्दल विशेष. वकीलसाहेब, माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. खाटेवर असलेला रुग्ण ही स्वतंत्र बाजारपेठ मानता येते का? आणि जास्त किंमत हाच गुन्हा धरता येतो का? आयोगाकडे जायचे तर मला दिल्लीची वाट धरावी लागेल, की इथेच काही मार्ग आहे?

पांझराकाठ, धुळे (वकिली)

सर, किंमत हा प्रश्न आधी घेतो, कारण देशादेशांतला सर्वांत मोठा मतभेद तिथेच आहे. अमेरिकेत मक्तेदाराने जास्त किंमत लावली एवढ्यावरून कायदा मोडत नाही. त्याने मक्तेदारी गैरमार्गाने मिळवली किंवा टिकवली, हे दाखवावे लागते. युरोपात, ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्याकडे कलम ४ खाली, वर्चस्व असलेल्या कंपनीने अन्याय्य किंमत लावणे हाच गैरवापर ठरू शकतो. युरोपीय आयोगाने ॲस्पेन कंपनीकडून २०२१ मध्ये सहा कर्करोग औषधांच्या किमती सरासरी ७३ टक्क्यांनी कमी करून घेतल्या. पण हे काम सोपे नाही. फेनिटॉइन हे अपस्माराचे जुने औषध ब्रिटनमध्ये २.८३ पौंडांवरून ६७.५० पौंडांवर गेले. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दंड केला, २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने निर्णय रद्द केला आणि २०२२ मध्ये प्राधिकरणाला नव्याने दंड करावा लागला. वाढ चोवीस पटींच्या आसपास असूनही ही स्थिती, तर तिप्पट किमतीच्या आयव्ही सेटसाठी हा मार्ग धरावा असा सल्ला मी देणार नाही.

खाटेवरच्या रुग्णाविषयीचा आपला विचार कायद्याला परका नाही. दिल्लीच्या पटपडगंज येथील मॅक्स रुग्णालयात सिरिंज बाहेरच्यापेक्षा बऱ्याच महाग विकली जाते, अशी तक्रार २०१५ मध्ये आयोगाकडे आली. दाखल झालेला रुग्ण रुग्णालय सहज बदलू शकत नाही, म्हणून आतल्या औषध-साहित्याचा वेगळा विचार करावा लागतो, ही त्यातली मुख्य भूमिका होती, आणि २०१८ मध्ये आयोगाने चौकशीची व्याप्ती राजधानी परिसरातील अतिविशेष रुग्णालयांपर्यंत वाढवली. एका सिरिंजपासून सुरू झालेली चौकशी तिथवर गेली, म्हणून एकट्याची तक्रार क्षुल्लक समजू नये. मात्र स्पर्धा आयोगाकडे माहिती, म्हणजे तक्रार, द्यायची तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची मुदत आहे, आणि वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी लागते.

आतल्याच मेडिकलची सक्ती थांबवावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी बंधनकारक आदेश न देता, राज्यांनी याबाबत धोरण ठरवावे असे सांगितले.

मग आपला मार्ग कोणता? ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २ मध्ये 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' अशी व्याख्या आहे. एक सेवा मिळण्यासाठी दुसरी वस्तू आमच्याकडूनच घ्या, अशी पूर्वअट घालणारी प्रथा तीत स्पष्टपणे येते. खाजगी रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तर १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले आहे. इथे वर्चस्व सिद्ध करावे लागत नाही, बाजारपेठेची हद्द आखावी लागत नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. भरपाई मोठी मिळेल अशी आशा धरू नका, पण अशी प्रथा बंद करण्याचा आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो, आणि माझ्या दृष्टीने खरे मोल त्याला आहे.

त्यासाठी कागद लागतील. आतल्या दुकानाच्या सर्व पावत्या, बाहेरच्या दुकानाची त्याच दिवसाची पावती, सिस्टरने दिलेल्या चिठ्ठ्या, आणि रुग्णालयाकडून बाबनिहाय बिल. बिल तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेरचे सामान न लावण्याचा नियम लेखी आहे काय, हेही त्याच अर्जात विचारा. उत्तर 'आहे' असे आले तर सक्ती सिद्ध झाली. 'नाही' असे आले तर तो सेट कोणत्या कारणाने नाकारला, हे त्यांना सांगावे लागेल.

बोरीकाठ, अमळनेर

आज कपाट उघडून पाहिले. सेटचे पाकीट सीलबंद आहे, बॅच नंबर आणि मुदत वाचता येते, आणि बसस्थानकासमोरच्या दुकानाची पावती पाकिटालाच टाचणीने लावलेली सापडली. तिच्यावर सकाळी ११ वाजून ४० मिनिटे अशी वेळ आहे. आतल्या दुकानाची त्या दिवशीची पावती दुपारी साडेबाराची आहे, म्हणजे परत पाठवल्यावर मी खाली जाऊन आतल्या दुकानातून पुन्हा सेट विकत घेतला होता. चिठ्ठ्या बहिणीने देवघरातल्या डब्यात जपून ठेवल्या आहेत, नऊपैकी सात आहेत. अर्ज लिहून झाला आहे. सोमवारी सकाळच्या बसने जातो आणि पोच घेऊनच परत येतो. रुग्णालयाचे उत्तर आले की इथे कळवीन.